काचेच्या पेटीतलं विरजण

मासा मेला म्हणून सुतक धरलेला माणूस आमच्या गावात मी एकच पाहिला. गाव कोळ्यांचं, काशीदच्या पुढं, समुद्राला लागून. सकाळी पाट्या भरभरून मासा मरतो तेव्हा कुठं इथं दुपारची चूल पेटते. आणि अशा गावात हा माणूस बोटभर लांबीच्या सोनेरी माशासाठी दाढी न करता ओटीवर बसलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "काल संध्याकाळी बरा होता हो. सकाळी बघतो तर आडवा."

कोळणी डोक्यावरची पाटी सांभाळत "अरं द्येवा" म्हणायच्या आणि वळणापलीकडं गेल्या की अशा हसायच्या की पाटीतले बोंबील खाली सांडायचे.

गावात त्यांना बाटलीसाहेब म्हणत. खरं नाव दाराच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण आमच्याकडं पाट्या वाचायची चाल नव्हती. मुंबईत पाणी तपासायच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली. पेन्शन झाल्यावर समुद्रकाठी राहायचं ही जुनी हौस, म्हणून माझ्या शेजारचं कौलारू घर त्यांनी घेतलं. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत आणि मुंबईहून यायचं ते सगळं बोटीनं यायचं. साहेबही बोटीनंच आले. बरोबर बायको, दोन ट्रंका, आणि बाटल्यांचं एक खोकं. त्या खोक्याला त्यांनी खलाशांचा हातही लागू दिला नाही. स्वतःच छातीशी धरून ओहोटीच्या गुडघाभर पाण्यातून काठावर आले. चपला मात्र समुद्रात राहिल्या.

मी होड्या बांधणारा सुतार. शाळेत दोन पावसाळे बसलो, तेही घर गळत होतं म्हणून. पण माझ्या हातची होडी गळली असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा प्रश्न येणार आहे.

साहेबांची सगळी रीत पाण्याची. कुणाच्या घरी गेले आणि पाण्याचा तांब्या पुढं आला की आधी नाक. मग एक घोट, तो तोंडात फिरवायचा, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "देवळामागची विहीर. पण घागर काल घासलेली नाही." विहीर बरोबर असायची. घागरीचंही बरोबर असायचं, म्हणून दुसऱ्यांदा त्यांना कुणी पाणी विचारायचं नाही, सरळ चहा द्यायचं.

माणसंसुद्धा ते पाण्यावरून ओळखायचे. सरपंच म्हणजे जड पाणी, साबणाला फेस यायचा नाही. वाणी गढूळ. मला एकदा म्हणाले, "मिस्त्री, तू मचूळ आहेस. ना धड गोडा ना खारा. तहान भागत नाही, पण माणूस मरतही नाही." मी म्हटलं, "साहेब, मचूळ पाण्यावर नारळ चांगला होतो." हे त्यांना पटलं. आत काकी भाकरी थापत होत्या, म्हणजे त्यांची बायको. त्यांनी तिथूनच विचारलं, "आणि माझं हो कुठलं पाणी?"

"उकळतं," साहेब म्हणाले. "जंतू राहत नाहीत."

काकींना गाव आवडलेलं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म मुंबईच्या चाळीत गेलेला. शेजारणीशी बोलायचं तर दार उघडलं की झालं. इथं दार उघडलं की समुद्र, आणि समुद्राला बोलता येत नाही. त्या भांडायच्या नाहीत. पण ट्रंकेतली भांडी त्यांनी फळीवर मांडली नव्हती. लागेल तेवढं काढायचं, धुवून परत ट्रंकेत ठेवायचं. साहेबांना ते दिसत होतं. बाईमाणसाचा जीव रमावा म्हणून काय करावं, तर शहाणा माणूस गाय घेईल, नाहीतर तुळस लावील. साहेबांनी माशांची काचेची पेटी ठेवायची ठरवली.

"समुद्र दाराशी आहे की," मी म्हटलं.

"त्यातले मासे दिसतात का तुला?"

"नाही. पण ताटात दिसतात."

काच मुंबईहून आली. चौकट मी सागवानाची केली. ते लोखंडाची म्हणत होते. मी सांगितलं, लोखंडाला इथली हवा खाते, तुमच्या माशांआधी चौकट मरेल. जन्मभर मी पाणी बाहेर ठेवायचं काम केलं, हा माणूस म्हणाला पाणी आत ठेव. ठेवलं. खडूची भुकटी आणि अळशीचं तेल मळून लुकण केलं, सांध्यात भरलं, वाळवलं, आणि पेटीत पाणी ओतून खाली कोरडा कागद पसरला. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा. साहेब कागदावरून हात फिरवत म्हणाले, "मुंबईच्या टाक्या बांधायला तुला न्यायला हवं होतं." खरं बोलणं कुणीही बोललं तरी ऐकायला बरं वाटतं.

मग मुंबईहून डब्यातून दोन सोनेरी मासे आले. बघायला सगळी आळी लोटली. आणि थोड्याच दिवसांत ते मेले. त्याच वेळचं ते सुतक.

खरी गोष्ट अशी की साहेब स्वच्छतेपायी वेडे होते. पेटीतली वाळू त्यांनी उकळून घेतली होती. पाणी रोज सगळंच्या सगळं काढायचं, काच पुसायची, वाळू पुन्हा धुवायची, ताजं पाणी भरायचं. मासे बिचारे तितक्या वेळ बादलीत बसून वाट बघायचे. पेटी इतकी चकचकीत की आत मासा नसता तर मी त्यात कपडे ठेवले असते. आणि तरी मासे वर येऊन तोंड उघडं टाकायचे, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखे.

ते मेले तेव्हा शिमग्याचे दिवस होते. बाहेर पोरं होळीला लाकडं ओढत होती, शिव्यांचा दणका चाललेला. काकी ओटीवर आल्या, पेटीकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "ज्या घरातल्या पाण्यात मासा जगत नाही त्या घरात मी कशाला जगू? दिवाळीपर्यंत तुमचे दोन मासे जगवून दाखवा. नाहीतर मी दिवाळीच्या बोटीनं मुंबईला. भावाकडं."

"आणि जगले तर?"

"तर तुम्ही म्हणाल तिथं राहीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

मी शेजारी म्हणून साक्षीला होतो. साहेब ताठ उभे राहिले. "ठरलं," म्हणाले. तेव्हापासून ते मासे राहिलेच नाहीत. साहेबांचं उरलेलं सगळं आयुष्य त्या पेटीत जाऊन बसलं. गाव सोडायचं म्हणजे त्यांना समुद्र सोडायचा होता, आणि काकींना एकटीला पाठवणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

आता त्यांनी बाटल्या बाहेर काढल्या. त्यातल्या एका बाटलीला ते साक्षीदार म्हणायचे. पेटीतलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, साक्षीदाराचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पाणी तसंच राहिलं तर ठीक. पिवळं झालं तर जपून. तांबूस झालं तर मासा मेलाच समजा. मला त्यांनी समजावून सांगितलं. मासा पाण्यातच जेवतो आणि पाण्यातच सगळं उरकतो. त्यातून अमोनिया तयार होतो. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा नाकाला जो झोंबतो, तोच. पाण्यात तो थोडा असला तर आपल्याला वास येत नाही, पण माशाचे कल्ले जळतात.

हे मी चहाच्या दुकानात बोललो. जसं ऐकलं तसं बोललो, त्यात माझं काही चुकलं नाही. पण ते दिवस दारूबंदीचे. नवसागर कशात घालतात ते सगळ्या गावाला माहीत, आणि बोलायचं मात्र कुणी नाही. तिसऱ्या तोंडी गोष्ट गेली ती अशी की बाटलीसाहेब काचेच्या पेटीत नवसागर तयार करतात. दोन दिवसांत पोलीस जमादार दारात.

"पेटी कुठंय?"

साहेबांनी आनंदानं दाखवली. कुणीतरी आपण होऊन बघायला आलं याचंच त्यांना कौतुक. जमादारानं पेटीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून चूल आहे का बघितलं. मग बाटल्यांकडं वळला. "यात काय?"

"अमोनिया. पण सांभाळून हां, लांबून—"

जमादारानं बूच काढून नाक घातलं होतं. मी त्या माणसाला होळीच्या धुरातही रडताना पाहिलं नव्हतं. तो ओटीच्या खांबाला धरून उभा राहिला, डोळ्यांतून धारा. काकींनी तांब्याभर पाणी आणलं. साहेब शेजारी उभे राहून सांगताहेत, "बघा, तुम्ही इतके धडधाकट, तर त्या एवढ्याशा माशाचं काय होत असेल!"

जमादार परत कधी आला नाही. पण त्याची बायको नंतर मासे बघायला येऊन गेली.

दुसरी जोडी हनुमान जयंतीच्या सुमाराला आली आणि तशीच गेली. साक्षीदार तांबूस. साहेब डोकं धरून बसले. मग एका दुपारी ते माझ्या कामाच्या जागी आले. मी उंडीच्या झाडाखाली फळी तासत होतो. डोळे असे चमकत होते की मला वाटलं ऊन लागलं.

"मिस्त्री, मी गाढव आहे."

मी नाही म्हटलं नाही. मोठ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं?

"जन्मभर जे काम केलं तेच घरी विसरलो," म्हणाले. शहराचं पाणी वाळूतून गाळतात. पण नवी वाळू घातली तर पहिले काही आठवडे ते पाणी लोकांना देत नाहीत. वाळूवर एक बुळबुळीत साय धरावी लागते. दिसायला घाण, पण त्यातले जंतूच पाण्यातली घाण खाऊन टाकतात. "सगळेच जंतू वाईट नसतात रे. मी रोज वाळू धुवून त्यांनाच मारत होतो. दुधाचं भांडं रोज विसळून टाकलं तर दही कधी लागणार? आधी विरजण पाहिजे."

"पाण्याला विरजण?"

"चल."

गावाबाहेर देवळाचं जुनं तळं आहे, पायऱ्यांचं. साहेब धोतर खोचून त्यात उतरले आणि बुळबुळीत, हिरवे-काळे खडे मडक्यात भरायला लागले. पूजेला आलेल्या बायका बघतच राहिल्या. एकीनं मला विचारलं, "सायबांनी नवस केला हाय काय?" मी म्हटलं, "व्हय. माशांसाठी."

ते मडकं घरात आलं तेव्हा काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अहो, सबंध मुंबईची घाण काढून झाली, आता आपल्या घरात आणताय?"

"घाण नाही, विरजण आहे."

"माझ्या दह्याचं नाव घेऊ नका."

खडे पेटीत गेले. आता गंमत अशी की पेटीत मासे नाहीत. पण विरजणाला खायला तर पाहिजे. म्हणून साहेब रोज सकाळी एक कुजकी कोळंबी दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचे. रिकाम्या पेटीला जेवण! वासानं आळीतली मांजरं ओटीखाली मुक्कामाला आली. लोक मला विचारायचे, "मिस्त्री, सायेब बरं हायत ना?" मी म्हणायचो, बरे आहेत, आता पेटीला जेवायला घालतात, पुढच्या महिन्यात अंघोळ घालतील.

पण साक्षीदार खोटं बोलत नव्हता. आधी तांबूस झाला, मग नुसता काळपट तांबडा. काकी म्हणाल्या, "लागलं तुमचं दही." चैत्र गेला, वैशाख अर्धा सरला. मग एका सकाळी आळीभर त्यांची हाक ऐकू आली. मी रंधा टाकून धावलो. नळीतलं पाणी पिवळसर होतं. चार दिवसांनी तेही नाही. कोळंबी आत कुजतेय आणि पाणी चांदीसारखं. ते नळी उन्हाला धरून असे उभे होते की जणू मुलगा झाला.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं तिसरी जोडी आली. त्यानंतर बोटी बंद, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर. म्हणजे हे मासे मेले तर नवे आणायचे कुठून? काकींनी त्यांच्याकडं बघितलं आणि इतकंच म्हणाल्या, "या दोघांना उगीच बोटीचं तिकीट काढलंत. दिवाळीला आपणच तिकडं जाणार होतो."

पण मासे जगले. साहेब आता शहाणे झाले होते. चिमूटभर खायला, तेही एकदा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, ते रात्रभर रांजणात निवलेलं. वाळूला हात लावायचा नाही. साक्षीदार रोज सकाळी स्वच्छ. साहेब ओटीवर मोठ्यानं पेपर वाचायला लागले. तो पेपर आठवड्याचा शिळा असायचा, कारण पावसात टपाल खुष्कीच्या वाटेनं यायचं.

आणि ऐन आषाढात साक्षीदार पिवळा झाला.

दुसऱ्या दिवशी जास्त पिवळा. तिसऱ्या दिवशी तांबूस झाक. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. साहेबांनी माशांचं खाणं बंद केलं, पाणी बदललं. रंग उतरला, पुन्हा चढला. त्यांनी सगळा विचार केला आणि बाहेर पावसात छत्री घेऊन माझ्या दारात आले.

"मिस्त्री, खरं सांग. तुझ्या लुकणात काय आहे?"

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. "काय असणार? खडू आणि तेल."

"दुसरं काही? राळ? मोरचूद?"

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या हातची होडी समुद्राला आत येऊ देत नाही. तुमची पेटी एक थेंब बाहेर सोडत नाही. तुमचे मासे जगत नसतील तर माशांना विचारा."

"मी नुसतं विचारतोय."

"मीही नुसतं सांगतोय." आणि दार लावलं. चार दिवस मी त्यांच्या ओटीकडं बघितलं नाही. शेजारी राहून न बघणं सोपं नसतं, मान दुखते.

पाचव्या दिवशी ते आले, भिजलेले, हातात दोन नळ्या. माझ्याच लुकणाचा गोळा त्यांनी चार दिवस बाटलीत पाणी घालून ठेवला होता. त्या पाण्याची नळी स्वच्छ, पेटीतल्या पाण्याची तांबूस. "तू निर्दोष आहेस, मिस्त्री."

"हे मला चार दिवसांआधीच माहीत होतं," मी म्हटलं. पण त्यांना बसायला पाट दिला.

मग चोर कोण? त्याच दुपारी काकींनी मला बोलावलं, पावसानं खिडकी फुगून लागत नव्हती म्हणून. साहेब आत पडलेले. मी ओटीवर खिडकी तासतोय, तर पारू कोळीण आली. पावसाळ्यात होड्या काठावर, माणसांना काम नाही. सगळा कोळीवाडा आळीपाळीनं साहेबांचे मासे बघायला यायचा. काकी आत चहा ठेवायला गेल्या. पारूनं पेटीपुढं वाकून बघितलं, "कसं हायत गो बायांनो?" म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडून मूठभर सुका जवळा पेटीत टाकला.

माझ्या हातून पटाशी पडली. "पारू! काय केलंस ते?"

"काय केलं? खाऊ दिला."

"कुणाला?"

"पाव्हण्यांना. मुंबैवरनं आल्यात, बोटीनं आल्यात. पाव्हणंच न्हाय काय? नि पाव्हणं बगाया कोन रिकाम्या हातानं जातं रं? तुझी आय गेली व्हती काय कधी?"

"रोज टाकतेस?"

"मी कुटं रोज? आज मी, काल जाऊबाय. परवा जमादारीण येऊन गेली, तिनं साखर टाकली. भटीण लाह्या टाकते. सगळीच टाकतात. तू काय दिलंस ते सांग की, एवढा शेजारी म्हनवतोस!"

आतून काकी आल्या होत्या, हातात चहा. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं आता उकळतं पाणी उतू जाणार. पण त्या तिथंच खाली बसल्या आणि हसायला लागल्या. बशीतला चहा सांडला, पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. पारूही हसायला लागली, कशाला ते तिला माहीत नव्हतं. गोंधळानं साहेब उठून आले. त्यांना कळलं तेव्हा ते हसले नाहीत. "जवळा? साखर?" एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. "मी तीन आठवडे मिस्त्रीचं लुकण तपासतोय."

"चार दिवस," मी म्हटलं. बोलणं नेमकं असावं.

साहेब दारावर पाटी लावणार होते, माशांना खायला घालू नये म्हणून. काकींनी त्यांना वेड्यात काढलं. पाटी वाचतो कोण? आणि पाहुण्याचा खाऊ नको म्हणायचं, म्हणजे माणसाला घालवून दिल्यासारखं. त्यांनी वेगळीच रीत काढली. पेटीशेजारी एक ताट ठेवलं. "मासे दुपारी झोपतात, त्यांचा खाऊ इथं ठेवा, उठले की देते." आता नुसत्या ताटावर चिमूट काय ठेवायची, म्हणून बायका वाटीतून आणायला लागल्या. जवळा, नारळाचा कीस, तांदळाची बोरं. आणि शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत मुंबईतही असते. मग काकी वाटीत लोणच्याची फोड घालायच्या, साखरभात घालायच्या, आणि वाटी परत करायला स्वतः पावसातून कोळीवाड्यात जायच्या. तिथनं येताना दुसरी वाटी. सबंध श्रावण त्यांचं हेच. पारूनं त्यांना बोंबील कसा सोलायचा ते शिकवलं, त्यांनी पारूच्या सुनेला परकर बेतून दिला. मासे उपाशी राहून टुणटुणीत झाले. मांजरं मात्र ताटावर बसून लठ्ठ.

साक्षीदार स्वच्छ झाला तो झालाच. गणपती आले, गेले. दसरा गेला. मासे बोटभर होते ते दोन बोटं झाले.

धनत्रयोदशीला साहेबांनी मला सकाळी बोलावलं. दारात बैलगाडी जुंपलेली. ट्रंका गाडीत. साहेब टोपी घालून, कोट घालून उभे.

"हे काय?" मी म्हटलं. "मासे तर जगले!"

"जगले ना! जिंकलो मी," साहेब म्हणाले, आणि आवाज हळू केला. "मिस्त्री, जिंकलो तेवढं पुरे झालं. शब्दात अडकवून एखाद्याला जन्मभर डांबून ठेवायचं का? हिला न सांगता सगळं भरलंय. हिला मुंबईला नेतो. समुद्र काय, चौपाटीवरही आहे."

काकी मागच्या दारानं आल्या, हातात पारूकडची वाटी. गाडी बघितली, ट्रंका बघितल्या.

"कोण चाललंय?"

"आपण. मुंबईला. तू म्हणाली होतीस ना—"

"कधी म्हणाले?"

"शिमग्यात! हा मिस्त्री साक्षीला आहे."

"शिमग्यात माणसं आईमाईवरून शिव्या देतात. त्या काय दिवाळीपर्यंत धरून बसायच्या?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "मला कढईत करंज्या सोडायच्या आहेत. माझी कढई कुठल्या ट्रंकेत घातलीत?"

ट्रंका उतरवायला मीच लागलो. साहेब कोट घालून मधेच उभे. गाडीवान म्हणाला, "बैल जुंपलेत सायेब. आता कोनाला तरी न्यायलाच पायजे." काकी आतून म्हणाल्या, "जाऊन या धक्क्यावर. बोट येईल, माझं काही आलंय का बघा."

म्हणून आम्ही दोघं रिकाम्या गाडीतून धक्क्यावर गेलो. साहेब वाटेत एकदाच बोलले. "मला वाटलं होतं नको म्हणेल, जरा डोळ्यांत पाणी आणेल. हिनं तर मला हाकलून दिलं."

बोट आली. पडावातून सामान उतरलं, आणि खलाशानं साहेबांचंच नाव पुकारलं. लाकडाचं एक खोकं होतं, दोघांनी धरून उतरवावं असं जड. फटीतून काळं लोखंड आणि सोनेरी वेलबुट्टी दिसत होती. काकींची हातानं चालवायची शिवणाची मशीन. येताना काकी ती भावाकडं ठेवून आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"ही कधी मागवली?" साहेबांनी विचारलं.

खलाशी म्हणाला, "बाईंच्या भावानं कवाच आणून टाकलीय मुंबैच्या धक्क्यावर. आषाढात पत्र आलं म्हनं बाईंचं, बोटी सुरू झाल्या की पहिल्या बोटीनं धाडा म्हनून. जागा न्हवती, म्हनून पडून ऱ्हायली."

आषाढ. म्हणजे साक्षीदार तांबूस होता तेव्हा. मासे वर येऊन तोंड उघडत होते, साहेब जेवत नव्हते, आणि दिवाळीला गाव सुटणार हे जवळपास ठरलं होतं, तेव्हा.

साहेबांनी खोक्यावर हात ठेवला. नाकानं वास घेतील असं मला वाटलं, पण नाही घेतला. परतताना गाडीच्या मागच्या बाजूला खोक्याला धरूनच बसले. वाळूतून चाकं चालली होती. मग म्हणाले,

"मिस्त्री, हिला टेबल लागेल. पक्कं. हलता कामा नये."

"सागवानाचं करतो," मी म्हटलं. "खिडकीशी ठेवू. तिथं उजेड चांगला येतो."